ओल्या लॅपटॉपचे निदान

लॅपटॉपवर चहा किंवा पाणी सांडले आणि स्क्रीन काळी पडली की यंत्र कायमचे गेले, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः काळी स्क्रीन हे केवळ लक्षण असून त्यामागे साध्या सेन्सरच्या बिघाडापासून प्रोसेसर जळण्यापर्यंत अनेक कारणे असू शकतात. यांतील किरकोळ कारणाचे मोठ्या नुकसानीत रूपांतर होण्यास पुष्कळदा सांडलेल्या द्रवाइतकीच ‘आता चालू होतो का पाहू’ ही घाईही जबाबदार असते.

शुद्ध पाणी विजेचे अत्यंत क्षीण वाहक आहे. मात्र नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार आणि चहातील दुधाचे क्षार त्या द्रवाची वाहकता वाढवतात. असा द्रव मदरबोर्डवर, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि वीजपुरवठ्याचे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य फलकावर पोचला की वीज नको त्या वाटेने वाहू लागते आणि शॉर्ट सर्किट होते. याहून संथ, पण तितकीच घातक प्रक्रिया विद्युत अपघटनाची असते: व्होल्टेज असलेल्या दोन टोकांमध्ये ओल राहिली, तर एका टोकाचा धातू विरघळून दुसऱ्याकडे सरकतो, जोड पोखरले जातात आणि त्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. लॅपटॉप बंद असला तरी चालू करण्याच्या बटणाची दखल घेणाऱ्या भागांना बॅटरी वीज पुरवतच असते, त्यामुळे बंद यंत्रातही ही झीज थांबत नाही.

म्हणूनच पहिले काम निदानाचे नसून वीज तोडण्याचे आहे. अ‍ॅडॅप्टरचा पुरवठा भिंतीवरील बटणाने बंद करून वायर काढावी, लॅपटॉप बंद होईपर्यंत त्याचे बटण दाबून धरावे आणि बॅटरी काढता येण्याजोगी असल्यास ती लगेच काढावी. ती आत बसवलेली असेल, तर तळाचे झाकण उघडून तिची जोडणी सोडवण्याचे काम जाणकाराकडून त्याच दिवशी करून घ्यावे. बॅटरी फुगलेली, तापलेली किंवा वास मारणारी दिसल्यास तिला हात न लावता माणसांनी दूर व्हावे. त्यानंतर लॅपटॉप उघडा ठेवून, की-बोर्ड खाली येईल अशा रीतीने टॉवेलवर उपडा करावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा लोकप्रिय उपाय येथे निरुपयोगी आहे, कारण तांदूळ आतले क्षार काढू शकत नाही, उलट त्याची पूड फटींत शिरते. हेअर ड्रायरची गरम हवा द्रवाला आणखी आत ढकलते आणि प्लॅस्टिकचे भाग वाकवू शकते.

वाळणे आणि स्वच्छ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी उडून गेले तरी साखर, दुधाचे घन पदार्थ आणि क्षार फलकावर उरतात व हवेतील ओलावा शोषून पुन्हा उपद्रव करतात. यासाठी दुरुस्ती करणारे बॅटरी सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने, म्हणजे लवकर उडून जाणाऱ्या आणि वीज जवळजवळ न वाहणाऱ्या द्रावकाने, मऊ ब्रशच्या साहाय्याने फलक धुतात. त्याची तीव्रता 90 टक्के किंवा अधिक असणे इष्ट असते.

फलक स्वच्छ आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच निदानाची पाळी येते. दिवा लागत नाही आणि पंखाही फिरत नाही, तर दोष वीजपुरवठ्याच्या भागात असण्याचा संभव अधिक. दिवा लागतो पण स्क्रीन काळी आहे, तर अंधारात टॉर्च तिरपा धरून पाहावे. अंधूक चित्र दिसल्यास पॅनेल काम करत असून त्यामागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट, गेलेला असतो. बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर चित्र आले, तर प्रोसेसर शाबूत असून बिघाड पॅनेल, त्याची केबल किंवा बॅकलाइटच्या मंडलात शोधावा. झाकण मिटल्याचे चुंबकाच्या आधारे ओळखणारा हॉल सेन्सर ओलाव्याने बिघडला, तर उघड्या लॅपटॉपचीही स्क्रीन बंदच राहते. विशिष्ट क्रमाने वाजणारे बीप किंवा लुकलुकणारा दिवा अनेकदा मेमरीचा दोष सुचवतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: बॅकलाइटला लागणारे व्होल्टेज चित्राच्या संदेशवाहिन्यांपेक्षा कितीतरी जास्त असते आणि दोन्ही एकाच कनेक्टरमधून जातात, त्यामुळे तो ओला असताना यंत्र चालू केल्यास स्क्रीनच्या किरकोळ बिघाडातून प्रोसेसरलाही इजा पोचू शकते.

यंत्र वाचो वा न वाचो, माहिती वाचण्याची शक्यता स्वतंत्र असते. एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी ड्राइव्ह, सुटी काढता येत असल्यास ती बाह्य केसमध्ये बसवून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. मात्र माहिती कूटबद्ध करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असल्यास रिकव्हरी की लागते, आणि स्टोरेज फलकालाच डकवलेले असल्यास ही वाटही बंद असते. सामान्य वॉरंटीत द्रवामुळे झालेली हानी सहसा बसत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. दुरुस्तीला देताना काय सांडले, किती वेळापूर्वी सांडले आणि त्यानंतर यंत्र कितीदा चालू केले, हे मात्र लपवू नये. निदानाची निम्मी वाट त्या उत्तरांतच असते.