फोटो पाठवा, पत्ता नको

वृक्षारोपण, पोषण आहाराचे वाटप, घरकुलाचा चौथरा, गटारीचे काम, शाळेची प्रभातफेरी. गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या या फोटोंना आता एक ठरावीक रूप आले आहे. खाली काळसर पट्टी, तिच्या कोपऱ्यात चिमुकला नकाशा, शेजारी गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड, त्याखाली अक्षांश-रेखांश, तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ. ‘जीपीएस फोटो टाका’ असा निरोप तालुक्यावरून आला की ग्रामसेवक, अंगणवाडीताई, आशाताई, गुरुजी सगळेच ही पट्टी छापणारे ॲप उघडतात. पट्टी इतकी अंगवळणी पडली आहे की बारशाचा, वाढदिवसाचा, मुलीच्या नव्या सायकलीचा फोटोही त्याच ॲपने निघतो आणि तसाच स्टेटसला जातो.

ही पट्टी निदान दिसते तरी. साध्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत, लोकेशन सुरू असेल तर, हीच माहिती डोळ्यांना न दिसता फाइलच्या पोटात बसलेली असते. ‘एक्झिफ’ नावाचे मानक जपानमधल्या उद्योगसंस्थेने १९९५ मध्ये ठरवले, ते शटरचा वेग, भिंग, प्रकाश यांची नोंद राहावी म्हणून. पुढे त्यात उपग्रहाने सांगितलेल्या ठिकाणासाठी रकाने आले, आणि मोबाइलमध्ये कॅमेरा व जीपीएस एकत्र आल्यावर ते रकाने आपोआप भरले जाऊ लागले. अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, फोनचे मॉडेल, सेकंदापर्यंतची वेळ, काही फोनांत तर कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते तेही. दशांशचिन्हापुढचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. उघड्या आकाशाखाली फोनची चूक चार-पाच मीटरच्या आसपास असते. म्हणजे ओसरीवर काढलेला फोटो गाव तर सांगतोच, शिवाय घरही सांगतो.

आमचे म्हणणे असे आहे की ठिकाणाचा पुरावा ज्याने मागितला, ज्याला तो मागण्याचा अधिकार आहे, त्याच्याचकडे जावा. इतर कोणाकडेही जाणाऱ्या फोटोतून तो आधी काढला पाहिजे. ही शिस्त घरोघरी लागायला हवी, पण तिची सुरुवात पुरावा मागणाऱ्या कार्यालयांनी केली पाहिजे, कारण ही सवय त्यांनीच लावली आहे.

सरकारने असा पुरावा मागायला घेतला त्याला कारण होते. कागदावरच बांधलेली शौचालये, न लावलेली झाडे, एकाच कामाची दोनदा निघालेली बिले या गोष्टी महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्याटप्प्यावरच्या जिओटॅग फोटोंशी जोडलेले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या गटात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि सातबाऱ्यावर पीक लावतो. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ठिकाणासह घेतलेल्या फोटोंनी नोंदवणे सक्तीचे झाले. गारपीट किंवा पाणी साचणे ज्या पीकविम्यात धरले जाते, त्यात त्याची खबर ७२ तासांत द्यावी लागते. तिथे फोटोतले ठिकाण आणि वेळ हा शेतकऱ्याच्या बाजूचा पुरावा असतो, तो त्याने पुसता कामा नये. लोकेशन म्हणजे धोका आणि ते सगळीकडून काढा, असा सरसकट सल्ला देणाऱ्यांना शेतकऱ्याची ही गरज ठाऊक नसते.

या योजनांची स्वतःची ॲपे आहेत आणि त्यांतला फोटो थेट सरकारी सर्व्हरवर जातो. अडचण ॲपांच्या बाहेर आहे. ज्या कामाला असे ॲप नाही, त्याचाही जीपीएस फोटो मागितला जातो आणि तो ग्रुपवर टाकायला सांगितला जातो. त्या ग्रुपमध्ये दोन-अडीचशे माणसे असतात. बदली होऊन गेलेले अधिकारी, ठेकेदार, पदाधिकारी, कोणाचा ते कोणालाच आठवत नाही असे नंबर. तिथून फोटो गावच्या फेसबुक पेजवर जातो, नेत्याच्या प्रसिद्धीच्या पोस्टरवर जातो, पट्टीसकट. साहाय्याच्या रकमेसाठी दारात उभी केलेली एकटी राहणारी वृद्धा, तिचे दार, तिचे अक्षांश-रेखांश आणि तिला पैसे मिळाल्याची तारीख एकाच चौकटीत गावाबाहेरच्या कोणालाही वाचता येते. ज्या कर्मचाऱ्याने हे केले त्याचा हेतू वाईट नसतो. त्याला पुरावा देण्याचा आदेश मिळालेला असतो, जपण्याचा मिळालेला नसतो.

मुलांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ पीडित बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. ओळख म्हणजे काय, ते त्या कलमात लिहिले आहे: नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार. शाळेचे किंवा वस्तीचे नाव कळले तरी मूल ओळखता येते, हे कायदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. ते कलम अत्याचार झालेल्या मुलासाठी आहे हे खरे. पण जी माहिती एका मुलाच्या जिवाला घोर लावू शकते, तीच शाळेतल्या बाकीच्या मुलांची रोजच्या रोज उघड्यावर टाकणे कशाच्या आधारावर योग्य ठरते? एका फोटोतून एक जागा कळते. महिनाभराच्या फोटोंतून शाळा कधी भरते, सहल कुठे थांबते, वसतिगृहातल्या मुली संध्याकाळी कुठल्या मैदानावर असतात याचे वेळापत्रकच हाती येते.

मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाई नव्या गावात, नव्या खोलीत राहते. लेकराचा पहिल्या दिवशीचा गणवेशातला फोटो ती आईला पाठवते, आईकडून तो भावाकडे, भावाकडून आणखी कोणाकडे. ती जागेचे नाव कुठेही लिहीत नाही, कोणाला सांगतही नाही. फाइलमध्ये मात्र ते असू शकते. अशा बाईला हे कोणीतरी आधी सांगायला हवे. महिलांसाठीची मदत केंद्रे तिला वकील आणि निवारा मिळवून देतात, तेव्हाच तिच्या फोनमधले लोकेशनचे हे एक बटण बंद करून द्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

ज्यांना लपण्याची कला येते असे आपण समजतो तेही यात सापडले आहेत. संगणकातल्या व्हायरसविरोधी सॉफ्टवेअरला ज्यांचे नाव आहे ते जॉन मॅकॅफी २०१२ मध्ये बेलीझ देशातून पळाले. शेजाऱ्याच्या खुनाबाबत तिथल्या पोलिसांना त्यांची चौकशी करायची होती. सोबत असलेल्या ‘व्हाइस’ या नियतकालिकाच्या पत्रकारांनी त्यांचा फोटो डिसेंबरच्या सुरुवातीला मोठ्या दिमाखात प्रसिद्ध केला. तो आयफोनने काढलेला होता आणि त्यातले अक्षांश-रेखांश कोणी काढलेच नव्हते. मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत हे जगाला कळले आणि थोड्याच दिवसांत तिथे त्यांना अटक झाली. त्याच वर्षी अमेरिकी लष्कराने आपल्या जवानांना सावध करताना २००७ मधली इराकची घटना सांगितली होती. तळावर नवी अपाची हेलिकॉप्टरे उतरली, जवानांनी त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले, शत्रूने त्या फोटोंतून जागा काढली आणि तोफगोळे डागून चार हेलिकॉप्टरे नष्ट केली. ज्यांचा धंदाच सुरक्षेचा, त्यांची ही गत झाली असेल तर आशाताईला आपोआप कळावे अशी अपेक्षा कोणी धरू नये.

माणसांच्या पलीकडेही हा प्रश्न पोहोचतो आणि सह्याद्रीपुरता तो आपल्या अगदी जवळचा आहे. चीनच्या दक्षिण भागातल्या एका सुंदर पालीचे, गोनियुरोसॉरस लुईचे, शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये छापून आले. त्यात सापडण्याची जागा होती. हौशी लोकांना प्राणी पुरवणारे व्यापारी तिथे पोहोचले आणि काही वर्षांतच ती पाल त्या मूळ जागेवरून नाहीशी झाली. २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात संशोधकांनीच हा धोका मांडला. आपल्याकडे कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्या उरल्या आहेत. एका कड्यावरची मोजकी रोपे उपटली तर ती जात तिथून संपली. ‘आयनॅचरलिस्ट’ हे नोंदींचे संकेतस्थळ धोक्यातल्या जातींचे ठिकाण आपणहून पुसट करते, अंशाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या चौकोनात, म्हणजे वीसेक किलोमीटरच्या परिसरात कुठेतरी, एवढेच दाखवते. जाणते छायाचित्रकारही फोटोखाली नुसते ‘पश्चिम घाट’ लिहितात. पण पावसाळा सरताना कासपासून हरिश्चंद्रगडापर्यंत फिरणाऱ्या शेकडो मोबाइलधारकांना ही रीत कोणी शिकवलेली नाही. घुबडाच्या ढोलीचा, गरुडाच्या घरट्याचा मूळ फोटो ड्राइव्हच्या लिंकवर टाकला की पुढच्या रविवारी त्या झाडाखाली गर्दी जमते. घरट्याखाली माणसांचा राबता वाढला की पक्षी पिलांकडे फिरकेनासे होतात. फुलाचे नाव सांगा, महिना सांगा, जिल्हा सांगा. कडा सांगू नका.

आता करायचे काय, ते. व्हॉट्सॲपवर फोटो फोटो म्हणूनच पाठवला तर तो बारीक होतो आणि त्यातली लपलेली नोंद गळून पडते. पण ‘क्लिअर यावा’ म्हणून तोच डॉक्युमेंट करून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, ठिकाणासकट. ई-मेलची जोडणी, ड्राइव्हची लिंक, टेलिग्रामवर फाइल म्हणून पाठवलेला फोटो यांचेही तेच. लग्नाचे, मुलांचे फोटो आपण नेमके याच मार्गांनी पाठवतो, कारण ते स्पष्ट हवे असतात. फेसबुक, इन्स्टाग्राम बघणाऱ्यांना ती नोंद दाखवत नाहीत, तरी चढवताना ती त्या कंपनीच्या हाती गेलेली असू शकते. आयफोनमध्ये शेअर दाबल्यावर वरच्या बाजूला पर्यायांची जागा आहे, तिथे लोकेशन बंद करता येते. ही सोय २०१९ पासून आहे. अँड्रॉइड फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅगचे बटण असते, ते बंद ठेवावे आणि काम असेल तेव्हाच सुरू करावे. विंडोजच्या संगणकावर फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये गेले की वैयक्तिक माहिती काढून टाकण्याची ओळ सापडते. काहीच जमले नाही तर फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवावा, त्यात मूळ फोटोचे ठिकाण येत नाही.

छापील पट्टीला यातला एकही उपाय लागू पडत नाही. ती चित्राचाच भाग झालेली असते, ती कापावीच लागते. अनेक ॲपांत पट्टीचा आणि बिनपट्टीचा असे दोन्ही फोटो जपून ठेवण्याची सोय असते, ती सुरू ठेवावी. पट्टी कापल्यावरही मागे दिसणारी शाळेची पाटी, एसटीच्या थांब्याचे नाव, दारातल्या गाडीचा नंबर यांकडे एकदा पाहून घ्यावे.

हे सगळे प्रत्येकाने शिकावे, पण राज्याचे काम तेवढ्यावर सोडून देता येणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले आहे. शासनाच्या कोणत्याही विभागाने जीपीएस फोटो मागताना तो कोणासाठी, किती दिवसांसाठी आणि कोणत्या मार्गाने द्यायचा, हे त्याच आदेशात लिहायला हवे. फोटो ग्रुपवर मागवणे बंद करून विभागाच्या पोर्टलवर किंवा एका नेमलेल्या अधिकाऱ्याच्या ई-मेलवर मागवावेत. मुलांचे चेहरे आणि ठिकाण एका फोटोत एकत्र येऊ देऊ नयेत. पोषण आहाराच्या पुराव्याला ताटे आणि धान्याच्या गोण्या दिसल्या तरी पुरते, मुलींच्या चेहऱ्यांची गरज नाही. लाभार्थ्याचा दारातला फोटो प्रसिद्धीसाठी वापरायचा असेल तर त्याला विचारून, पट्टी कापून वापरावा. आणि गेल्या काही वर्षांत जे ग्रुप साचले आहेत, ज्या सरकारी फेसबुक पेजांवर शाळकरी मुलांचे पट्टीवाले फोटो आजही पडून आहेत, ते कोणत्या तारखेपर्यंत उतरवायचे आणि उतरवल्याचा अहवाल कोणी द्यायचा, हेही शासनाच्या परिपत्रकात असावे.