आधी साधने द्या, मग निकाल द्या

१६ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील कॅरोलिना पँथर्स या फुटबॉल संघाने आपला क्वार्टरबॅक ब्राइस यंग याला बाकावर बसविले. हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या वेळी अवघा २३ वर्षांचा होता. जेमतेम दीड वर्षापूर्वी याच संघाने देशातील सर्व नवोदितांमधून त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले होते. १८ सामन्यांत त्याने नेतृत्व केले आणि त्यांपैकी फक्त दोन जिंकले. तेव्हापासून अमेरिकेच्या क्रीडापानांवर एकच प्रश्न गाजत राहिला. अडखळणाऱ्या तरुण क्वार्टरबॅकला संघाने किती दिवस सांभाळायचे? त्याला सोडून पुढे जायचे की थांबायचे?

पँथर हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. पण शार्लट शहरातील या संघाचा त्या चळवळीशी काडीचाही संबंध नाही. तो एका अब्जाधीश मालकाचा निव्वळ व्यावसायिक संघ आहे. तरीही या प्रकरणाची दखल घ्यावी असे आम्हास वाटते. कारण प्रश्न वरवर खेळाचा असला तरी त्याच्या मुळाशी गुणवत्तेचा प्रश्न आहे. गुणवत्ता कोणी मोजायची, केव्हा मोजायची आणि मोजण्यापूर्वी काय द्यायचे, हा तो प्रश्न होय.

प्रथम खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदत पुढे सरकायचे, असा तो खेळ. मैदानात प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू असतात. चढाईचा जवळजवळ प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. चेंडू हातात येताच दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावे लागते की फेकायचा, सहकाऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः पळायचे. त्याच्या पुढे पाच धिप्पाड खेळाडूंची संरक्षक फळी असते. ती फळी ढासळली की प्रतिस्पर्धी थेट त्याच्या अंगावर येतात आणि त्याला चेंडूसकट जमीनदोस्त करतात. फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू वेगळे. म्हणजे फळी आणि झेलणारे या दोहोंच्या जोरावरच क्वार्टरबॅकचे कौशल्य दिसते. हार-जीत मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर लिहिली जाते!

आता कॅरोलिनाने काय केले ते पाहा. अमेरिकेत नवोदितांची निवड ‘ड्राफ्ट’ पद्धतीने होते. आदल्या वर्षीच्या सर्वांत दुबळ्या संघाला पहिली निवड मिळते. २०२३ साली तो मान शिकागो बेअर्सकडे होता. तो मिळविण्यासाठी कॅरोलिनाने स्वतःची त्या वर्षीची नवव्या आणि ६१व्या क्रमांकाची निवड, २०२४ ची पहिल्या फेरीची निवड आणि २०२५ ची दुसऱ्या फेरीची निवड देऊन टाकली. शिवाय डी. जे. मूर हा आपला चेंडू झेलणारा सर्वोत्तम खेळाडूही दिला. ज्या मुलाला आणण्यासाठी ही किंमत मोजली, त्याचे चेंडू झेलणारा हातच त्या किमतीत गेला!

पुढे जे व्हायचे तेच झाले. २०२३ च्या हंगामात यंगला ६२ वेळा चेंडूसह जमिनीवर आपटण्यात आले. एकाच हंगामात डावपेच पुकारणारी व्यक्ती तीनदा बदलली. मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक यांना ११ सामन्यांनंतर नोव्हेंबरमध्येच घरी पाठविण्यात आले. हंगाम संपल्यावर महाव्यवस्थापकही गेले. संघाने १७ पैकी १५ सामने गमावले. नवे प्रशिक्षक डेव्ह कनालेस आले आणि २०२४ चे पहिले दोन सामने हरताच त्यांनी मुलाला बाकावर बसविले. वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात ते यालाच.

यावर टीकाकार म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडे! त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला सी. जे. स्ट्राउड हाही कृष्णवर्णीयच. आदल्या वर्षी तीनच सामने जिंकलेल्या ह्यूस्टनला त्याने पहिल्याच हंगामात दहा विजय मिळवून दिले. शिवाय यंगच्या जागी आलेला ३६ वर्षांचा अँडी डाल्टन पहिलाच सामना ३६-२२ असा जिंकला. फळी तीच, झेलणारे तेच, मग दोष कोणाचा? टीकाकारांना वाटले, वाद मिटला. पण त्यानंतर डाल्टनच्या नेतृत्वाखाली संघ सलग चार सामने हरला. अंगण खरोखरच वाकडे होते. म्हण तोंडावर फेकण्यापूर्वी अंगण तपासण्याची तसदी कोणी घेतली नाही, एवढेच.

आम्हा वकिलांना नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे पहिल्याच वर्षी शिकविली जातात. पहिले, दुसऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. दुसरे, ज्याचा हितसंबंध गुंतला आहे त्याने न्यायाधीश होऊ नये. क्रीडासंघ म्हणजे न्यायालय नव्हे, हे आम्हास मान्य आहे. संघाला खेळाडू बदलण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण अधिकार असणे वेगळे आणि निर्णय न्याय्य असणे वेगळे. येथे निकाल देणारे कोण होते? एक मालक, ज्याने २०१८ मध्ये संघ घेतल्यापासून प्रशिक्षकांमागून प्रशिक्षक काढले. दुसरे नवे प्रशिक्षक, ज्यांनी या मुलाला निवडलेच नव्हते आणि ज्यांची स्वतःची नोकरी विजयांवर अवलंबून होती. दोघांचेही हितसंबंध उघड आहेत. फळी कमकुवत ठेवली कोणी, मूरला दिले कोणी, हे प्रश्न आरोपपत्रात आलेच नाहीत. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो एकटा मुलगा.

या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो काळ्या माणसाचा इतिहास आहे. कृष्णवर्णीय खेळाडू पळू शकतो, झेलू शकतो, धडक देऊ शकतो. पण क्वार्टरबॅकला बुद्धी लागते, ती त्याच्याकडे कोठून येणार? हा समज अमेरिकन फुटबॉलमध्ये कित्येक दशके राज्य करीत होता. १९६८ साली डेन्व्हर संघातर्फे मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णीय तरुणाने क्वार्टरबॅक म्हणून पहिल्याच हंगामात १४ टचडाउन पास फेकले. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेसाठी स्पर्धाही करू दिली नाही. तो बफेलोला गेला आणि चेंडू झेलणारा खेळाडू बनला. वॉरन मून याला १९७८ च्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने निवडले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटन संघाला पाच वेळा अजिंक्यपद मिळवून दिले आणि १९८४ मध्ये परतला. २००६ साली त्याच मूनचा फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. लीगच्या डोळ्यांवर पट्टी होती, म्हणून त्याची उमेदीची सहा वर्षे परदेशात गेली. त्याची भरपाई कोण करणार?

जानेवारी १९८८ मध्ये डग विल्यम्सने सुपर बोल जिंकला. असे करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. तरीही जुना समज मेला नाही. २०१८ साली लमार जॅक्सनने क्वार्टरबॅकचा नाद सोडून चेंडू झेलणारा व्हावे, असा सल्ला जाणकार म्हणविणारे देत होते. पुढच्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये प्रथमच दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक, पॅट्रिक महोम्स आणि जॅलेन हर्ट्स, कृष्णवर्णीय होते. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये निवडलेले पहिले तिन्ही क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते.

म्हणजे दार उघडले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. यंगला केवळ वर्णामुळे बसविले असे आम्ही म्हणणार नाही. तसा पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय आरोप करणे हे वकिलाचे काम नव्हे. गोऱ्या मुलांनाही ही व्यवस्था असेच वापरून फेकते. २०१८ साली दहाव्या क्रमांकावर निवडलेल्या जॉश रोझनला ॲरिझोनाने एका वर्षात विकले. त्याच वर्षी तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम डार्नल्डला न्यूयॉर्क जेट्सने तीन हंगामांनंतर सोडले. संघामागून संघ बदलत तो २०२४ मध्ये मिनेसोटाला पोहोचला आणि तेथे १७ पैकी १४ सामने जिंकले. पुढे फेब्रुवारी २०२६ मध्ये सिॲटलचा क्वार्टरबॅक म्हणून त्याने सुपर बोल जिंकला. मुलगा तोच, हाताशी मिळालेली माणसे बदलली.

मग मुद्दा काय? पूर्वी दाराबाहेर ठेवून अपात्र ठरवीत. आता आत घेतात, साधने देत नाहीत, आणि अपयश आले की म्हणतात, पाहा, संधी दिली होती! हा दुसरा प्रकार पहिल्याइतकाच घातक आहे, कारण त्याला न्यायाचा मुखवटा असतो. ज्या समाजाविषयी आधीच ‘यांच्यात कुवतच नाही’ असा समज रूढ आहे, त्या समाजातील मुलाचे अपयश त्याच्या एकट्याचे राहत नाही. ते संपूर्ण समाजाच्या खात्यावर मांडले जाते. हे वाचताना आपल्या वाचकांना काय आठवेल, ते आम्ही सांगायला नको.

संघाची बाजूही ऐकली पाहिजे. संघात ५३ खेळाडू असतात. त्यांची कारकीर्द अल्प असते, शरीर केव्हा साथ सोडील याचा नेम नसतो. एका मुलाच्या शिक्षणासाठी बाकीच्यांनी आपली वर्षे का घालवावीत? पहिल्या फेरीतील नवोदिताचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवे वर्ष संघाच्या मर्जीवर. त्या मुदतीत निर्णय घ्यावाच लागतो. शिवाय कधी कधी सोडणेच योग्य असते. २००७ साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या जमार्कस रसेलला ओकलंडने तीन हंगाम दिले, २५ सामन्यांत उतरविले. त्यांतील सातच जिंकले आणि २०१० मध्ये त्याला सोडले. त्यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. सहानुभूती म्हणजे आंधळेपणा नव्हे.

तेव्हा कसोटी हवी. आमच्या मते चार प्रश्न विचारले पाहिजेत. त्याला उभे राहून विचार करता येईल अशी फळी दिली का? चेंडू झेलणारे भरवशाचे हात दिले का? किमान दोन वर्षे एकच प्रशिक्षक, एकच पद्धत मिळाली का? आणि चूक दाखविल्यावर तो सुधारतो आहे का? पहिल्या तीन प्रश्नांचे उत्तर संघाने द्यायचे, चौथ्याचे खेळाडूने. पहिल्या तिन्हींची उत्तरे ‘नाही’ अशी असताना चौथा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. पेटन मॅनिंगने १९९८ च्या पहिल्या हंगामात २८ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिला आणि १३ सामने गमावले. ट्रॉय एकमनने १९८९ मध्ये नेतृत्व केलेले अकराही सामने गमावले. त्यांच्या संघांनी त्यांना ठेवले, त्यांच्याभोवती संघ बांधला आणि दोघेही खेळाच्या इतिहासात अमर झाले. ते थोर होतेच. पण त्यांचे थोरपण दिसायला वेळ मिळाला, हे विसरून कसे चालेल?

यंगचे पुढे काय झाले? ऑक्टोबर २०२४ मध्ये मोटार अपघातात डाल्टनच्या अंगठ्याला दुखापत झाली, म्हणून यंगला परत बोलावावे लागले. लक्षात घ्या, त्याची दुसरी संधी न्यायबुद्धीतून नव्हे, अपघातातून आली! तो अपघात झाला नसता तर निकाल कायमच राहिला असता. परतल्यावर त्या हंगामातील दहा सामन्यांपैकी चार त्याने जिंकले. मार्च २०२४ मध्ये संघाने रॉबर्ट हंट आणि डेमियन लुईस हे दोन तगडे संरक्षक मोठ्या रकमा मोजून आणलेच होते. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये टेटाइरोआ मॅकमिलन हा झेलणारा खेळाडू घेतला. प्रशिक्षक तेच राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अटलांटाविरुद्ध यंगने ४४८ यार्डांची फेक करून संघाचा विक्रम मोडला. संघाने आपला गट जिंकला आणि बाद फेरीत लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध ३४-३१ असा निसटता पराभव पत्करला.

यावरून यंग महान ठरला असे समजू नये. १७ पैकी आठ सामने जिंकून गट मिळणे हे गटाच्या दुबळेपणाचेही लक्षण आहे. त्याला दीर्घ मुदतीचा मोठा करार द्यावा की नाही, हा वाद चालणारच आणि तो चाललाच पाहिजे. कारण आता फळी आहे, झेलणारे आहेत, प्रशिक्षक स्थिर आहे. आता त्याला सबब उरलेली नाही. यापुढे तो कमी पडला आणि संघाने त्याला निरोप दिला, तर आम्ही तक्रार करणार नाही. संधीबरोबर उत्तरदायित्व येते आणि ते स्वीकारण्यातच स्वाभिमान आहे.

पण २०२४ मध्ये त्याला सोडून दिले असते, तर तो निकाल चुकीचा ठरला असता. मुलगा पुढे चमकला म्हणून नव्हे. तो चमकला नसता तरीही तो चुकीचाच ठरला असता, कारण सुनावणीच झाली नव्हती. ज्याला ढाल दिली नाही, त्याच्या जखमा मोजून त्याला भित्रा ठरवू नये. हा नियम शार्लटच्या मैदानाला लागू आहे, तसाच जेथे जेथे माणसाची पारख होते तेथे तेथे लागू आहे.