बांधीतलं शेवाळ आणि आपलं इंजिनीअरिंग

शेवाळ म्हटलं की आपल्याला होस्टेलची पाण्याची टाकी आठवते! पण गोंदिया जिल्ह्यात रोवणीनंतर धानाच्या बांधीत जो हिरवा-निळसर थर तरंगतो, तो म्हणजे खताचा छोटा कारखानाच. ॲनाबिना, नॉस्टॉक यांसारखं नील-हरित शेवाळ हवेतला नायट्रोजन पकडून जमिनीला देतं. पी. के. डे यांनी धानशेतीतलं हे काम १९३९ मध्येच दाखवलं. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी ते उघड्यावर वाढवण्याची सोपी पद्धत बसवली.

रेसिपी मॅगीइतकी सोपी वाटते. सहा बाय तीन फुटांचा पत्र्याचा ट्रे, दहा किलो माती, २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट, चार इंच पाणी, वर मूळ कल्चर आणि भरपूर ऊन. जाड थर आला की पाणी आटू द्यायचं आणि वाळलेले पापुद्रे गोळा करायचे. रोवणीनंतर आठवड्याने एकरी चार किलो टाकायचे.

मग सगळे शेतकरी हे का करत नाहीत? लगेच 'जनजागृती नाही' असं म्हणू नका. हिशेब करा. शेवाळाने हेक्टरी २५ किलो नायट्रोजन दिला असं धरलं, तर एकरी झाला दहा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे वाचली अर्धी गोणी. सबसिडीतली गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. एकरी बचत फक्त १३० रुपयांच्या आसपास! एवढ्यासाठी ट्रे कोण सांभाळत बसेल? शेतकऱ्याला गणित येतं हो, पोस्टर लावून ते बदलणार नाही.

माझ्या मते खरा प्रश्न कल्चर कंडिशन्सचा आहे, आणि तो आपला, इंजिनीअर लोकांचा आहे. या शेवाळाला ३० ते ३५ अंश तापमान मानवतं. रोवणी जुलैत, म्हणजे कल्चर त्याआधी तयार हवं. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि जूनच्या मध्यानंतर ढग येतात. मग 'भरपूर ऊन' म्हणजे नेमकं किती? सावलीला जुनी साडी बांधली तर? पाणी दोन इंच की सहा? पीएच सात की आठ? डासांच्या अळ्यांनी थर खाल्ला तर? शिवाय बांधीत युरिया जास्त पडला की शेवाळ नायट्रोजन पकडणं कमी करतं, तेही तपासायलाच हवं.

दरवर्षी फायनल इयरला तोच तो लाइन फॉलोअर रोबोट होतो. त्याऐवजी एका ग्रुपने आठ ट्रे मांडावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, थर्मामीटर आणि पीएच पेपरने रोज नोंद करावी, वाळलेले पापुद्रे तोलावेत. मूळ कल्चर आपल्याच भागातल्या बांधीतून घेऊन पाहावं. शेवटी एकच आकडा काढावा, एकरी खर्च किती? शंभर रुपयांच्या आत बसला, तर शेतकऱ्याच्या दारात जावं. नाही बसला, तर तेही याच मासिकात प्रामाणिकपणे छापावं.