मातीच्या बैलाचा खांदा

बालमित्रांनो, आज कागद-कात्री राहू द्या. बाह्या सरसावा, हात मातीत घालायचे आहेत. श्रावणाची अमावस्या जवळ आली, म्हणजे पोळा आला. आणि दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तुमचा तान्हा पोळा!

आभार मानायचा सण अमेरिकेतही असतो बरं का. १८६३ साली अब्राहम लिंकनने तो साऱ्या देशासाठी जाहीर केला, आणि १९४१ साली कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार त्याला नेमून दिला. तिथली लहान मुलं वर्गात कागदावर पंजा ठेवून कडेने रेघ मारतात. अंगठ्याचं होतं टर्की पक्ष्याचं डोकं, चार बोटांचा पिसारा. मग एकेका बोटावर लिहायचं, कोणाचे आभार. गंमत अशी, की ज्या पक्ष्याचं चित्र काढलं तोच त्या दिवशी ताटात असतो! आपला बैल नशीबवान. पोळ्याला तोच जेवायला पाहुणा.

आणि पाहुणा म्हणजे अगदी रीतसर. आदल्या संध्याकाळी त्याला जेवणाचं आवतन देतात. त्याचा खांदा लोणी-हळदीने चोळतात. खांदाच का? कारण जू तिथे बसतं. पेरणीची तिफण असो, कपाशीतला डवरा असो, नाहीतर संत्र्यांनी भरलेली बंडी, सारा भार त्या एका जागेवर.

आता कामाला लागू. आपल्या मोर्शीकडची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्या यामुळेच. नुसत्या मातीचा बैल केला तर त्यालाही भेगा पडणार. म्हणून माती चाळून घ्या, त्यात थोडा पिंजलेला कापूस विस्कटून घाला आणि कणकेसारखी मळा. भरपूर मळा, इथे आळस नको. बैल वीतभर लांब, पाय जाड नि आखूड. पायात काडी घालायचा मोह होईल, पण घालू नका. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही, आणि पाय तडकतो. तीन-चार दिवस सावलीत वाळू द्या. मग चुन्याचा हात, शिंगांना गेरू. अमेरिकेतल्या मुलांसारखा पंजा हवाच असेल, तर जुन्या धोतराच्या तुकड्यावर गेरूत बुडवून उमटवा. वीतभर बैलाच्या पाठीवर तो झुलीसारखा बरोबर बसतो. चाकाच्या पाटीवर ठेवून सुतळी बांधली की झालं. बाजारात लाकडी बैल मिळतात, कमरेएवढे मोठेसुद्धा. पालकहो, त्यांच्या किमतीवरून मुलांमध्ये चढाओढ लावू नका, एवढी विनंती.

एका वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गात हे काम चाललं होतं. झुलीवर आपल्या बैलाचं नाव आणि त्याने केलेलं एक काम लिहा, असं मी सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा मातीचा गोळा तसाच धरून बसलेला.

“काय रे, होत नाही का?”

“बाई, आमचा बैल त बाबानं इकला. मंग मी कोनाचं नाव लिहू?”

मला उत्तर सुचलं नाही. खरंच सुचलं नाही. शेजारच्या मुलीने विचारलं, “नाव काय होतं त्याचं?”

“चांद्या.”

मग तो सांगायला लागला. चांद्या नाल्याजवळ आपोआप थांबायचा, पाणी प्याल्याशिवाय हलत नसे. उजवीकडेच जुंपावा लागे. एक शिंग आखूड. खांद्यावर जुवाचा घट्टा पडलेला, हात लावला की मान हलवायचा. सांगता सांगता त्याचे हात चालू झाले. बैल झाला तो काही फार देखणा नव्हता. पण खांद्यावर त्याने मातीची एक पुळी दाबून बसवली आणि दुसऱ्या दिवशी घरून पुडीत हळद आणून तिच्यावर लावली.

बाकीचे चाळीस बैल मी टेबलावर पाहिले. शिंगं झकास, बेगड झकास. खांदा एकालाही नव्हता! मीच आधी शिंगं करायला शिकवलं होतं ना.

तेव्हापासून मी खांद्यापासून सुरुवात करते. तुम्हीही तशीच करा. आता पेरणीला ट्रॅक्टर येतो, कित्येक घरी बैल नाही. तर आजोबांना, आजीला विचारा. त्यांना नाव नक्की आठवेल, आणि बहुतेक एक खोडीही. ती झुलीवर लिहा. पाडव्याला दारोदार बोजारा मागायला गेलात आणि कुणी विचारलं, “हा कोण रे?” तर सांगता आलं पाहिजे.

आणि हो, पावसाचे दिवस आहेत. सर आली तर बैल आधी छत्रीत घ्या, तुम्ही नंतर. कच्ची माती आहे ती.