रडताय कशाला?

मुनिरक्याच्या डी.डी.ए. फ्लॅट्समध्ये आम्हा चार मराठी कुटुंबांचा नेम आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाकडे तरी जमायचं आणि मराठी चित्रपट पाहायचा. या वेळी पाळी आमची. मी 'श्वास' लावला आणि मग एकदम चरकले. शेजारच्या आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. आठ वर्षांच्या त्या मुलाला जन्मापासून दिसत नाही.

'श्वास' संदीप सावंत यांचा, २००४ सालचा. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते याच चित्रपटामुळे. कोकणातल्या छोट्या परशाला डोळ्यांचा कर्करोग होतो. जीव वाचवायचा तर डोळे काढायला हवेत. पण हे त्या पोराला सांगायचं कुणी? अरुण नलावडेंचे आजोबा शस्त्रक्रियेआधी त्याला गुपचूप इस्पितळाबाहेर नेतात, दिसेल तेवढं जग दाखवून आणतात. अश्विन चितळेचा चिडलेला, बावरलेला परशा तर पाहावत नाही.

शेवटी काळा चष्मा लावून परशा होडीतून गावी येतो. आमच्या खोलीत सगळे डोळे पुसत होते. तेवढ्यात नातवानं विचारलं, "मावशी, पाणी वाजतंय. तो घरी आला ना? मग रडताय कशाला?"

कुणालाच उत्तर सुचेना.

परशाचा उजेड गेला, त्याला अंधार कळणारच. पण ज्यानं उजेड पाहिलाच नाही, त्याला अंधार तरी कुठला? हा पोरगा जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून कोण आलं ते सांगतो. अंधार आहे तो आपल्या मनात. आजी त्याला खाली खेळायलाही सोडत नाहीत. "पडला म्हणजे?" शाळेचा विषय काढला, की पदर डोळ्यांना.

आणि शाळा तर याच शहरात आहे! लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या अंधशाळेत सई परांजपे यांनी 'स्पर्श'चं बरंचसं चित्रीकरण केलं होतं. १९८० च्या या चित्रपटात नसीरुद्दीन शाह अंध मुख्याध्यापक आहेत. त्यांना मदत चालते, कीव नाही. शबाना आझमी तिथल्या मुलांना गाणी शिकवते, गोष्टी सांगते.

हिंदी असला तरी पुढच्या वेळी 'स्पर्श'च लावायचा ठरवलाय. आजींना निमंत्रण दिलं.

"येईन," त्या म्हणाल्या, "पण शाळेचं नाव काढायचं नाहीस."

कबूल केलं. चित्रपट बराचसा शाळेतच घडतो, हे मात्र बोलले नाही.