पेरा हुकमाचा, पीक कोणाचे?



शेतात काय पेरावे हे शेतकऱ्याला कळत नाही, ते सरकारला कळते. आणि शेतकऱ्याला किती भाव पुरतो तेही सरकारलाच कळते. या दोन वाक्यांवर देशोदेशीच्या शेतीखात्यांची दुकाने चालली आहेत. ही वाक्ये खरी मानून एखादे गाव दीडशेहून अधिक वर्षे चालवले, तर त्या गावाचे काय होते? हा हिशेब ज्याला ताडून पाहायचा असेल त्याने इंडोनेशियातल्या जावा बेटाकडे पाहावे. समुद्रकाठची शहरे सोडून आतल्या डोंगरपायथ्याच्या खेड्यांकडे पाहावे.

जावाचे चित्र आपण कॅलेंडरवर पाहिलेले असते. पायऱ्यापायऱ्यांची हिरवीगार भातखाचरे, मागे ज्वालामुखीचा डोंगर, बाजूला नारळ. जमीन राखेची, कसदार. पाऊस भरपूर. असल्या सोन्यासारख्या भुईत शेतकरी गरीब का राहावा? कृषी महाविद्यालयाच्या पुस्तकांत याचे उत्तर तयार असते: लोकसंख्या फार आणि शेतकरी मागासलेला. आमचे म्हणणे असे की हे उत्तर सरकारच्या सोयीचे आहे. खरे कारण जावाच्या दप्तरात, साल-तारखेनिशी लिहिलेले आहे.

आधी गाव कसे असते ते पाहू. जावाच्या खेड्यात जमिनीचे तीन प्रकार. पाण्याखालची भातखाचरे, त्यांना 'सावाह' म्हणतात. पावसावरची जिरायत, ती 'तेगालान'. आणि घराभोवतालचा परसू, त्यात केळी, नारळ, कंद, भाजीपाला. जिरायतीत मका, भुईमूग आणि साबुदाण्याचा कंद. मध्य जावाच्या कोरड्या भागात ज्वारीही होते. तिथल्या भाषेत तिला 'चांतेल' म्हणतात. म्हणजे आपल्यासारखा कोरडवाहू माणूस तिथेही आहे. कॅलेंडरवाल्यांना तो दिसत नाही, इतकेच.

आता दप्तर उघडू.

१८३० साल. हॉलंड देश कर्जात बुडालेला. जावाचा गव्हर्नर जनरल योहानेस फान डेन बॉश याने तोड काढली. गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाखाली घालावा: नीळ, ऊस. डोंगरउतारावर कॉफी. माल सरकारला द्यावा, सरकार ठरवेल तो मोबदला घ्यावा. कागदावर हे साऱ्याच्या बदल्यात होते. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी पाचव्याहून जास्त जमीन गेली, वेठीचे दिवस वाढले आणि साराही सुटला नाही. डच अंमलदारापासून गावच्या मुखियापर्यंत प्रत्येकाला मालाच्या प्रमाणात दलाली ठेवलेली. मग मुखिया गावाची बाजू घेईल कशाला? तळे राखी तो पाणी चाखी.

१८३१ ते १८७७ या काळात जावाकडून हॉलंडच्या तिजोरीत ८० कोटींहून अधिक गिल्डर गेले. त्या पैशांत हॉलंडचे कर्ज फिटले, हॉलंडमध्ये रेल्वे झाली. आणि ज्या बेटाने हे पैसे दिले तिथे १८४९-५० मध्ये देमाक आणि ग्रोबोगान या भातपिकाच्या मुलखांत दुष्काळ पडून माणसे हजारोंनी मेली, हजारोंनी परागंदा झाली. सोन्याच्या भुईत भुकेने मरण! १८६० मध्ये 'मॅक्स हावेलार' ही कादंबरी निघाली आणि हॉलंडमध्ये खळबळ उडाली. लिहिणारा एदुआर्द दाउवेस देकर हा जावातच नोकरी केलेला डच अंमलदार होता. १८७० च्या कायद्यांनी सक्ती हळूहळू आवरती घेतली. कॉफीची तर विसावे शतक उजाडल्यावरच सुटली. सरकारच्या जागी खाजगी साखर कारखाने आले. गावाची खाचरे मुखियामार्फत आळीपाळीने भाड्याने घ्यायची, ऊस काढायचा, मग जमीन भाताला परत द्यायची. हिंदुस्थानच्या बाजारात एकेकाळी जी 'जावा साखर' यायची ती या खाचरांतली.

एवढे लुटल्यावर लुटीला शास्त्राचा शेंदूर फासायला विद्वान हवाच. तो मिळाला. बूके नावाचा डच अर्थशास्त्रज्ञ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने सिद्धांत मांडला की पूर्वेकडच्या शेतकऱ्याच्या गरजाच थोड्या असतात. त्याला भाव वाढवून दिला तर तो जास्त पिकवण्याऐवजी कमी पिकवील. म्हणजे भाव न देणे हेच शेतकऱ्याच्या हिताचे! नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात ते हेच. ज्याला शंभर वर्षे स्वतःच्या मर्जीने एक वाफा लावू दिला नाही, त्याला मर्जीच नाही असा निष्कर्ष.

पण हा सिद्धांत त्याच देशात, त्याच काळात खोटा ठरत होता. जावाच्या बाहेर सुमात्रा आणि कालिमंतान ही विरळ वस्तीची बेटे आहेत. तिथे कुणी रबर लावा म्हणून हुकूम काढला नव्हता. १९१० च्या सुमारास रबराला भाव आला आणि तिथल्या लहान शेतकऱ्यांनी आपल्या फिरत्या भातशेतीच्या जागेत रबराची रोपे आपणहून लावली. ना कर्ज, ना अनुदान, ना मार्गदर्शन मेळावा. पाहता पाहता हा गावठी रबर गोऱ्यांच्या मळ्यांच्या पोटावर आला. तेव्हा वसाहत सरकारने काय केले? १९३४ च्या आंतरराष्ट्रीय रबर कराराखाली या छोट्यांच्या रबरावर जबर निर्यात कर बसवला! शेतकऱ्याला भाव समजत नसता तर कर बसवायची वेळ का आली असती? शेतकऱ्याला भाव समजतो, हेच सरकारला अडचणीचे असते.

मग गोरे गेले. १९४५ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली. १९६० मध्ये जमिनीचा नवा कायदा झाला, कुळांना आशा वाटली. पण १९६५-६६ मध्ये सत्तापालटाच्या धुमश्चक्रीत लाखो माणसे मारली गेली. त्यांत डाव्या शेतकरी संघटनेची खेड्यापाड्यांतली माणसे मोठ्या संख्येने होती. जनरल सुहार्तोंच्या राजवटीने पुढे नियमच केला की पक्षांनी खेड्यात काम करायचे नाही, लोकांनी निवडणुकीपुरते मतदान करावे आणि शेतात जावे. १९७३ मध्ये शेतकऱ्यांची एकच संघटना उभी केली गेली, तीही सरकारच्या पदराखाली. भावांनो, हा मुद्दा नीट ध्यानात घ्या. आधी शेतकऱ्याचे तोंड बंद झाले, मग हुकूम परत आले. हा क्रम उगाच नसतो.

हुकूम दोन आले. पहिला भाताचा. 'बिमास' नावाच्या मोहिमेत बुटक्या जातींचे बियाणे, खत, औषध आणि कर्ज एकाच गाठोड्यात बांधून गावाला दिले. १९६८ ते १९७० मध्ये तर परदेशी कंपन्यांना हेक्टरी पैसे मोजून विमानातून औषध फवारून घेतले. घ्यायचे की नाही हे शेतकऱ्याला विचारायचे नव्हते. अंमलदाराला उद्दिष्ट दिलेले, आणि त्याच्यामागे लष्कराचा माणूस. उत्पादन वाढले, हे आम्ही नाकारत नाही. १९८४ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, पुढल्या वर्षी सुहार्तोंचा जागतिक अन्न संघटनेने रोममध्ये गौरव केला. बियाणे, पाटाचे पाणी, स्वस्त खत आणि तेलाचा पैसा यांचे ते फळ होते. पण त्यात हुकमाचा वाटा काय, तो पुढच्याच हंगामांत दिसला.

औषधावर सरकार किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान देत होते, म्हणून फवारणी धो धो. खाचरातले कोळी आणि इतर मित्रकीटक मेले. तपकिरी तुडतुड्याची अंडी भाताच्या खोडात सुरक्षित राहिली. मित्र मेले, शत्रू वाचला, तो दुपटीने उठला. १९७५ ते ७७ मध्ये लाखो टन भात गेले. १९८६ मध्ये जावात पुन्हा तेच. कपाशीवाल्याला हे समजावून सांगायला नको. शेवटी नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांना ५७ कीटकनाशके भातावर बंद करावी लागली, १९८९ पर्यंत अनुदानही थांबले. फवारणी घटली, भात घटले नाही! त्यानंतर गावोगाव शेतशाळा निघाल्या. पंचवीसएक शेतकऱ्यांनी आठवड्याला एकदा खाचरात उतरायचे, किडी मोजायच्या, मित्र-शत्रू ओळखायचे आणि फवारायचे की नाही ते स्वतः ठरवायचे. ज्याला अडाणी म्हणून गाठोडे बांधून दिले होते, त्याच्याच डोळ्यांनी पीक वाचले.

या मोहिमेत मायबहिणींचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. जुन्या पद्धतीत भाताची एकेक लोंबी बोटात धरायच्या छोट्या सुरीने कापत. गावातली कुणीही बाई कापणीला यायची आणि कापलेल्या भाताचा ठरलेला हिस्सा घरी न्यायची. भूमिहीन घराची चूल त्यावर पेटायची. १९७० नंतर उभे पीक व्यापाऱ्याला विकायची पद्धत पसरली, तो आपली टोळी आणि विळे घेऊन येऊ लागला. भात कांडायला गिरण्या आल्या. कापणी गेली, कांडण गेले. यंत्राला आमचा विरोध नाही. कांडणाचे कष्ट कुणाही बाईला हवेसे नसतात. पण हातातले काम गेल्यावर दुसरे काय, याचा एक कागदसुद्धा त्या मोहिमेच्या दप्तरात नव्हता. स्वयंपूर्णतेच्या आकड्यात या बायांची मजुरी कुणी मोजली नाही.

आणि जिरायतवाला? नोकरदारांना पगाराबरोबर तांदूळ, फौजेला तांदूळ, सरकारी गोदामात तांदूळ. खरेदी, भाव, संशोधन सारे तांदळाभोवती. कंद आणि ज्वारी ही गरिबाच्या ताटातली लाजिरवाणी वस्तू ठरली. कोरड्या रानाला जे पीक साजते ते बाजारातून उठवायचे आणि मग म्हणायचे, रान नापीक आहे.

दुसरा हुकूम उसाचा. १९७५ च्या अध्यक्षीय आदेशाने जावाच्या शेतकऱ्याला पुन्हा ऊस लावायला लागले. गोऱ्यांच्या वेळी कारखाना जमीन भाड्याने घ्यायचा, आता शेतकऱ्यानेच ऊस करायचा, एवढाच फरक. नाव दिले 'लोकांचा ऊस'. पण कोणत्या गटात यंदा ऊस, ते अंमलदार ठरवणार. तोडणी कधी, ते कारखाना ठरवणार. साखरेचा उतारा किती, तोही कारखानाच मोजणार आणि त्यावर शेतकऱ्याचा वाटा निघणार. ज्याच्या हाती ससा तो पारधी! भातात जास्त मिळत असूनही खाचर उसाला द्यायचे. १९९२ मध्ये कायदा झाला की शेतकऱ्याला पीक निवडीचे स्वातंत्र्य आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात लिहिले की शेतकऱ्याने सरकारी उत्पादन योजनेत सहभागी होणे बंधनकारक आहे. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले. उसाचा हुकूम सुटला तो १९९८ च्या जानेवारीत, तिजोरी दिवाळ्यात गेल्यावर, सावकाराच्या म्हणजे नाणेनिधीच्या दडपणाखाली. स्वतःच्या शेतकऱ्याने वीस वर्षे मागितले ते दिले नाही. सावकाराने डोळे वटारले तेव्हा दिले. त्याच १९९२ च्या कायद्याखाली पूर्व जावातल्या केदिरी भागात मक्याचे बियाणे स्वतः तयार करणाऱ्या शेतकऱ्यांवर खटले झाले. लहान शेतकऱ्याला तो हक्क मिळायला २०१३ मध्ये घटना न्यायालयाचा निकाल लागला.

आज काय आहे? २०२३ च्या कृषिगणनेत इंडोनेशियातली सुमारे १ कोटी ६९ लाख शेतकरी कुटुंबे अर्ध्या हेक्टरच्या आतली निघाली. दहा वर्षांपूर्वी ती १ कोटी ४२ लाखांच्या घरात होती. पोरे शहराला जातात, गावात म्हातारे खाचर राखतात. आता पिकाची सक्ती नाही, पण भावाची दोरी सरकारच्याच हातात आहे. २०२३ मध्ये तांदूळ महागला तेव्हा सरकारने ३० लाख टन आणला, २०२४ मध्ये ४५ लाख टनांच्या आसपास. आणि त्याच २०२३ च्या जुलैत आपल्या दिल्लीने साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ती २०२४ च्या सप्टेंबरात उठली. म्हणजे एकाच हंगामात तिथल्या शेतकऱ्याचा भाव आयात करून पाडायचा आणि इथल्याचा निर्यात अडवून पाडायचा. दोन देश, दोन भाषा, अक्कल एकच. २०२५ पासून तिथे भाताला किलोमागे ६५०० रुपिया खरेदीभाव लावला आहे. बरे झाले. पण जे सरकार मर्जीने देते ते मर्जीने काढूनही घेते.

जिल्हा बैठकीत काही मित्र नेहमी विचारतात की सरकारने चांगले पीक सुचवले तर बिघडते कुठे? सुचवू द्या की! सल्ल्याला आम्ही कधीच नाही म्हटले नाही; शेतशाळाही सल्लाच होती. पण नुकसान झाले तर सल्ला देणारा भरून देणार आहे का, हे आधी विचारा. माप आणि उतारा मोजताना आपला माणूस तिथे उभा राहणार का, हे विचारा. बाजार चढला की माल अडवणार नाही, असे लिहून देणार का, हे विचारा. तिन्ही उत्तरे नाही असतील तर तो सल्ला नव्हे, हुकूम आहे. त्याला नाही म्हणायला गावात संघटना लागते. ती मोडल्यावर जावाच्या माणसाने १९७५ मध्ये परत ऊस लावला, यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?