सहा आणि अकराची लाज

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३ मध्ये आणलेली सर्व्हाव्हॅक ही लस एचपीव्ही विषाणूच्या चार प्रकारांवर चालते: ६, ११, १६ आणि १८. सोळा-अठराचा गाजावाजा पुष्कळ, कारण गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग त्यांच्यामुळे होतात. सहा-अकरा कर्करोगाच्या वाटेला सहसा जात नाहीत, पण गुप्तांगावरच्या दहापैकी नऊ चामखिळी त्यांच्याच. त्यांचं नाव मात्र कुणी घेत नाही. तमिळनाडूने २०२५ च्या अर्थसंकल्पात चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस देण्याचं जाहीर केलं, तेही कर्करोगाचंच नाव घेऊन. म्हणजे तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशममध्ये बहिणीला लस, भावाला नाही. आणि हा विषाणू पसरतो कसा, याबद्दल दोघांपुढेही अवाक्षर नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: लैंगिक संबंधांचा विषय काढला तर आईबाप बिचकतील, त्यापेक्षा ‘कॅन्सरची लस’ म्हणून टोचून मोकळे व्हा. हा शहाणपणा आपण एकदा करून पाहिला आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या. काही मुली दगावल्या. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही. पण घरच्यांना धड काही सांगितलेलंच नव्हतं, मग विश्वास कोण ठेवणार? एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प बंद पडला. २०१३ मध्ये संसदीय समितीने या प्रकारावर कडक ताशेरे ओढले, ते योग्यच होते.

त्या गदारोळात देशातला याच लसीचा दुसरा एक अभ्यासही थांबला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्याच्या केंद्रांपैकी एक. हजारो मुलींना एकच डोस मिळाला आणि पुढचे राहिले. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की सोळा-अठराच्या चिवट संसर्गाला तो एक डोसही जवळपास पूर्ण डोसांइतकाच रोखतो. जगाला एका डोसाचा भरवसा आला, त्यात या मुलींचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे याचं कौतुक फारसं झालं नाही, ते असो.

दुसरा आक्षेप जुनाच: पोरं मोकाट सुटतील. र. धों. कर्वे लैंगिक आरोग्यावरचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते तेव्हाही हाच सूर होता. लसीनंतर मुलं लवकर संबंध ठेवू लागतात, असं परदेशातल्या पाहण्यांत आढळलेलं नाही. शिवाय लस शक्यतो शरीरसंबंध सुरू होण्याआधीच घ्यायची असते. एकदा उठलेली चामखीळ तिने जात नाही. संसर्गानंतर चामखीळ दिसायला कित्येक महिने लागू शकतात. तेव्हा ती दिसली म्हणजे नवऱ्याने परवाच शेण खाल्लं, असा पुरावा होत नाही. लाजेपायी घरीच चुना-सोडा लावून तिथली नाजूक कातडी भाजून घेणाऱ्यांनी त्वचारोग विभागाची पायरी चढावी. तिथे औषध लावून किंवा गोठवून चामखिळी काढतात. कधीकधी त्या परत येतात.

‘कंडोम आहे की!’ असं म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. एचआयव्ही, गरमी, परमा यांच्यापुढे लस कुचकामी, तिथे कंडोमच हवा. पण एचपीव्ही कातडीच्या स्पर्शाने जातो, आणि जांघ, वृषण कंडोमबाहेरच राहतात. कंडोम धोका कमी करतो, संपवत नाही.

राहिले मुलगे. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना लस सुरू केली. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या एकविशीच्या आतल्या मुलींमध्ये चामखिळींचं प्रमाण ११.५ टक्क्यांवरून २०११ पर्यंत एका टक्क्याच्या खाली आलं. लस न घेतलेल्या, मुलींशी संबंध असणाऱ्या मुलग्यांतही ते उतरलं. मग मुलग्यांना वेगळी कशाला, असा प्रश्न येतोच. पण हा आडोसा बहुतेक मुलींनी लस घेतली तरच मिळतो. आणि पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांना तो मिळालाच नाही. ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये मुलगेही घेतले. आपल्याकडे पैसा थोडा, म्हणून आधी मुली, हे मला मान्य आहे. पण मुलग्यांना वगळण्याचं कारण पैसा आहे, एवढं तरी सरकारने स्पष्ट सांगावं. आणि शाळेतून घरी जाणाऱ्या कागदावर आईबापांच्या भाषेत लिहावं: हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, त्याने कर्करोग होतो आणि गुप्तांगावर चामखिळीही होतात, मुलग्यांनाही होतात, लस घेतली तरी पुढे कंडोम लागेल, आणि तिशीनंतर मुलीने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.